जुन्या गाडीचा पार्ट मिळत नाही, तेव्हा नेमकं काय शोधायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी २४ वर्षांची, पेट्रोलवरची, मॉडेल बंद होऊन बराच काळ लोटलेला. वॉटर पंप गळतो. पुढचं उजवं चाक ब्रेकवरून पाय काढला तरी धरून राहतं. ड्रायव्हरच्या बाजूची काच दारात घसरते. शिवाय इंजिन चांगलं तापलं की गाडी मध्येच बंद पडते आणि अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी सुरू होते. सर्व्हिस सेंटर म्हणतं, हे पार्ट आता येत नाहीत. मेकॅनिक म्हणतो, काढून टाका. तुम्हाला विचारायचंय की खरंच इलाज संपले का.

मॉडेलचं नाव तुम्ही दिलेलं नाही, म्हणून तुमच्या गाडीचा नेमका पार्ट नंबर सांगता येणार नाही. पण जी चार दुखणी लिहिलीत त्यातल्या एकासाठीही आज गाडी भंगारात काढावी असं मला वाटत नाही. अडचण वेगळीच आहे. सर्व्हिस सेंटरकडे एका नावाचं, एका नंबरचं खोकं मागितलं जातं. ते खोकं नसलं की उत्तर 'नाही' येतं. त्या खोक्यातल्या वस्तूत खराब झालेलं मात्र बहुतेक वेळा एखादं बेअरिंग, एखादं सील, एखादं रबर किंवा एखादा सुटलेला सोल्डरचा टाका असतो, आणि ते गाडीच्या मॉडेलला बांधलेलं नसतं. मी जुन्या गाड्यांवर काम करतो तेव्हा 'पार्ट कुठे मिळेल' हा प्रश्न नंतरचा. आधी 'यातलं नेमकं काय गेलंय' हे ठरवायचं.

'पार्ट येत नाही' या वाक्याचे निदान चार अर्थ होतात. पहिला, जुना नंबर रद्द होऊन त्याजागी नवा आलाय आणि काउंटरवरच्याने जुनाच टाकून पाहिला. दुसरा, गाडीच्या कंपनीने साठा बंद केला, पण तो पार्ट मुळात बनवणारी कंपनी अजून बनवते. तिसरा, पूर्ण असेंब्ली मिळत नाही पण किट मिळतं, किंवा उलट. चौथा, खरोखरच कुठे काही नाही. माझ्या कामात चौथा प्रकार सर्वांत कमी येतो, आणि आला तर बहुधा काच, बंपर, दिवे, डॅशबोर्ड, दाराची रबरं अशा त्या मॉडेलच्याच आकाराच्या वस्तूंत येतो. फिरणाऱ्या, घासणाऱ्या आणि गळणाऱ्या वस्तूंत क्वचित.

म्हणून शोध गाडीच्या नावाने न करता इंजिनच्या कोडने आणि पार्टवरच्या खुणांनी करा. इंजिनचा कोड ब्लॉकवर कोरलेला असतो. कंपन्या एकच इंजिन वर्षानुवर्षे अनेक गाड्यांत घालतात. सुझुकीचं १.३ लिटरचं जी१३ घ्या. हे इंजिन एस्टीममध्ये होतं, जिप्सीतही होतं. फियाटचं फायर इंजिन १९८५ मध्ये आलं आणि पुढे उनो, पुंतो, पालिओ अशा गाड्यांत चालत राहिलं. बॉडीचंही तसंच. ओपेल कोर्सा वेगवेगळ्या देशांत व्हॉक्सहॉल, होल्डन आणि शेव्हरोलेट या नावांखाली विकली गेली. तुमच्या गाडीची अशी भावंडं कोणती हे एकदा कळलं की शोधाचं क्षेत्र एकदम मोठं होतं.

खुणा वाचताना एक चूक फार लोक करतात. धातूवर ओतकामातच उठवलेला नंबर हा कास्टिंग नंबर असतो, पार्ट नंबर नव्हे. एकाच कास्टिंगवर वेगवेगळी भोकं पाडून दोन-तीन निराळे पार्ट बनतात. खरा नंबर सहसा चिकटवलेल्या लेबलवर, ठोकलेल्या पत्र्यावर किंवा लेझरने कोरलेला असतो. त्याच्याजवळ बॉश, डेन्सो, व्हॅलिओ, आयसिन असं बनवणाऱ्याचं नाव दिसलं तर तो नंबर जपून ठेवा. बॉशचा नंबर दहा आकडी असतो, आणि तोच अल्टरनेटर किंवा तोच सेन्सर दुसऱ्याच कंपनीच्या गाडीत बसलेला सापडणं अगदी सर्रास आहे.

आणि दोन नियम आजपासून पाळा. जुना पार्ट, कितीही मोडका असला तरी, नवा बसून गाडी महिनाभर नीट चालेपर्यंत हातातून सोडायचा नाही. माप घ्यायला तोच एक पुरावा असतो, आणि बरीच गॅरेजं तो त्याच संध्याकाळी टाकून देतात. दुसरा नियम: पर्याय हातात येईपर्यंत चालती गाडी उघडायची नाही. उघडलेली जुनी गाडी कोपऱ्यात उभी राहिली की तिचे नटबोल्ट हरवतात आणि ब्रेक गंजतात.

सुट्या तुकड्यांची भाषा थोडी शिकून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बेअरिंगच्या कडेवर नंबर असतो. ६२०३ म्हणजे आतला व्यास १७, बाहेरचा ४०, जाडी १२ मिमी, बनवणारा कोणीही असो. ६३०३ म्हणजे १७, ४७, १४. पुढे २आरएस असेल तर दोन्ही बाजूंनी रबरी झाकण, झेडझेड असेल तर पत्र्याचं. सी३ म्हणजे आत थोडी जास्त मोकळीक, तापणाऱ्या जागेसाठी. अल्टरनेटरचं सी३ बेअरिंग काढून साधं घातलं तर गरम झाल्यावर ते आवळतं आणि थोड्याच दिवसांत ओरडायला लागतं.

ऑइल सीलवर तीन आकडे असतात. ३५, ५२, ७ म्हणजे शाफ्ट ३५, भोक ५२, जाडी ७ मिमी. मापाइतकंच रबरही महत्त्वाचं. साधं नायट्राइल साधारण १०० अंशांपर्यंत तग धरतं. क्रँकशाफ्ट (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) अशा तापत्या आणि वेगाने फिरणाऱ्या जागी व्हायटॉन रबर लागतं, ते २०० अंशांपर्यंत टिकतं. क्रँकच्या काही सीलच्या लिपवर, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या कडेवर, तिरप्या रेघा असतात. त्या फिरण्याच्या दिशेप्रमाणे असतात, म्हणून उलट दिशेचं सील बसतं पण तेल बाहेर ढकलतं. नवं सील घालूनही गळती थांबत नसेल तर शाफ्टवर नख फिरवून पाहा. जुन्या लिपने चर पाडलेली असते. तेव्हा नवं सील १ ते १.५ मिमी आत किंवा बाहेर बसवायचं, म्हणजे लिप कोऱ्या जागेवर टेकते. ते जमत नसेल तर शाफ्टवर पातळ स्टीलची बाही चढवायची.

आता तुमचं धरलेलं चाक. कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा ब्रेकचा भाग) मिळत नाही म्हणून तुम्ही अडलात, पण कॅलिपर खराब आहे हे कोणी तपासलंय का? धरून राहण्याची कारणं तीन: सरकत्या पिना सुकल्या, पिस्टन गंजला, किंवा ब्रेकचा रबरी होस आतून सुजला. तिसरं कारण बाहेरून दिसत नाही. पायाच्या जोराने ब्रेक ऑइल सुजलेल्या होसमधून पुढे जातं, पण परत येताना अडतं. तपासणी सोपी आहे. गाडी जॅकवर घेऊन स्टँड लावा, ब्रेक दाबून सोडा. चाक धरलेलं असतानाच कॅलिपरचा ब्लीड निपल (हवा-ऑइल काढायचा छोटा स्क्रू) जरा सैल करा. चुळकाभर ऑइल उडून चाक मोकळं झालं तर दाब अडकलाय, म्हणजे दोष होस किंवा मास्टर सिलिंडरकडे (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणारा भाग). निपल उघडूनही चाक जाम राहिलं तर पिस्टन किंवा पिना. दाब अडकलाय असं निघालं तर पुन्हा ब्रेक दाबून चाक धरवा आणि होसच्या वरच्या टोकाला लोखंडी पाइपचा जोड सैल करा. आता मोकळं झालं तर मास्टर सिलिंडर बघा. झालं नाही तर होस गेलाय. कॅलिपर शोधत बसलेल्या कितीतरी गाड्यांना शेवटी फक्त होस लागतो.

पिस्टनच गंजलेला निघाला तरी कॅलिपर फेकू नका. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरमध्ये चौकोनी छेदाचं रबर बोअरमधल्या (पिस्टन सरकतो त्या भोकातल्या) खाचेत स्थिर बसतं आणि पिस्टन त्यातून सरकतो. म्हणजे ऑइल अडवणारा पृष्ठभाग पिस्टनचा बाहेरचा अंग आहे. बोअरच्या भिंतीवर थोडे खड्डे असले तर चालतं, पिस्टनवर एकही चालत नाही. ड्रम ब्रेकच्या व्हील सिलिंडरमध्ये आणि मास्टर सिलिंडरमध्ये बरोबर उलटं असतं. तिथे रबराची वाटी पिस्टनबरोबर सरकते, म्हणून भिंत आरशासारखी हवी. हा फरक माहीत नसल्याने चांगले कॅलिपर टाकले जातात आणि खराब व्हील सिलिंडर नव्या किटवर पुन्हा बसवले जातात.

तेव्हा कॅलिपरला नवा पिस्टन करून घ्यायचा. पिस्टन ४८, ५१, ५४ मिमी अशा ठरावीक मापांत येतात, त्यामुळे आधी त्याच व्यासाचा आणि उंचीचा दुसऱ्या गाडीचा पिस्टन आणि सील-किट शोधा. नाहीच मिळाला तर टर्नरकडून, म्हणजे लेथवाल्याकडून, ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचा करून घ्या. जुन्या पिस्टनचा न गंजलेला भाग मायक्रोमीटरने मोजायचा, व्हर्नियरवर विसंबायचं नाही, कारण इथे मिमीच्या शंभराव्या भागांचा प्रश्न आहे. बाहेरून पॉलिश, आत शिरणारी कड गोल, धूळरबराची खाच जुन्यासारखीच. जुना पिस्टन हवेच्या दाबाने काढत असाल तर दाब अगदी थोडा द्या, समोर लाकडाचा ठोकळा ठेवा आणि बोटं लांब ठेवा, कारण तो गोळीसारखा सुटतो. सीलच्या खाचेतला गंज पितळी किंवा लाकडी टोकाने खरवडायचा. खाच खोल करायची नाही, कारण ब्रेक सोडल्यावर पिस्टनला किंचित मागे ओढण्याचं काम तेच चौकोनी रबर करतं.

ब्रेकचं रबर ईपीडीएम जातीचं असतं. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लागलं की ते फुगतं. धुवायचं ताज्या ब्रेक ऑइलने किंवा स्पिरिटने, आणि पिनांना सिलिकॉन ग्रीस. दुकानातला मापाचा कोणताही ओ-रिंग ब्रेकमध्ये घालू नका, तो बहुधा नायट्राइलचा असतो. काम दोन्ही पुढच्या चाकांचं एकदम करा, नाहीतर ब्रेक लागताना गाडी एका बाजूला ओढेल. ऑइल पूर्ण बदला. डॉट ४ जातीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश असतो. पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो, आणि आतून गंजही त्याच पाण्यामुळे धरतो.

पुढेमागे मास्टर किंवा व्हील सिलिंडरची पाळी येईल. बोअरला खड्डे असतील तर तो मोठा करून आत स्टेनलेस किंवा पितळी बाही ठोकतात आणि मूळ मापाला होन करतात, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करतात. मूळ मापालाच. 'थोडा मोठा बसतोय, चालेल' हे मास्टर सिलिंडरमध्ये चालत नाही. १९.०५ च्या जागी २०.६४ मिमीचा घातला की क्षेत्रफळ सुमारे १७ टक्क्यांनी वाढतं. पेडल कमी खाली जातं, म्हणून चालवणाऱ्याला ब्रेक घट्ट आणि छान वाटतो, पण त्याच ब्रेकसाठी पायाला १७ टक्के जास्त जोर लावावा लागतो.

वॉटर पंपाकडे येऊ. आधी गळती कुठून आहे ते पाहा. पंपाच्या पोटाखाली एक छोटं भोक असतं. तिथून थेंब येत असतील तर आतलं सील गेलंय. पंप आणि ब्लॉकच्या सांध्यातून येत असतील तर फक्त पॅकिंग बदलायचं, तेही योग्य जाडीच्या कागदी शीटमधून कापून होतं. ते भोक कधीही बुजवू नका. सीलमधून निसटलेलं पाणी बेअरिंगमध्ये जाऊ नये म्हणूनच ते ठेवलेलं असतं. बुजवलेला पंप काही दिवस कोरडा दिसतो आणि मग बेअरिंगसकट जातो.

पंप टायमिंग बेल्टवर फिरतो की बाहेरच्या पट्ट्यावर, यावर माझा सल्ला बदलतो. टायमिंग बेल्टवरचा पंप जाम झाला तर बेल्टचे दाते सोलवटतात, आणि बऱ्याच इंजिनांत वाल्व पिस्टनवर आपटून हेडचं काम निघतं. तिथे आधी इंजिनच्या कोडवरून नवाच पंप शोधा, भावंडांच्या गाडीचा चालेल. पंप बनवणारे इंजिनप्रमाणे बनवतात, म्हणून हा सहसा सापडतो. पंप बदलताना बेल्ट आणि टेन्शनरही बदला. बाहेरच्या पट्ट्यावरचा पंप मात्र दुरुस्त करून घ्यायला मी कचरत नाही.

दुरुस्तीत काय होतं तेही सांगतो, म्हणजे काम देताना नीट सांगता येईल. आतमध्ये चार वस्तू: पुली बसते तो हब, शाफ्टसकट एकजीव बेअरिंग, कार्बनचं सील आणि पाणी ढकलणारा पंखा. उघडण्याआधी दोन मापं लिहून घ्या: पंपाच्या बसण्याच्या तोंडापासून हबच्या तोंडापर्यंत, आणि तिथूनच पंख्याच्या पाठीपर्यंत. ही दोन मापं न घेता पंप उघडला की पुढे सगळा अंदाज. हब पुलरने काढायचा. काही पंपांत बेअरिंगला अडवणारी तार किंवा स्क्रू असतो, तो विसरून प्रेस मारला तर बॉडी फुटते. अॅल्युमिनियमची बॉडी उकळत्या पाण्यात काही मिनिटं ठेवली की बेअरिंग हलक्या दाबाने निघतं. बेअरिंगसाठी शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास आणि दोन्ही बाजूंना शाफ्ट किती बाहेर येतो ही मापं लागतात. शाफ्ट सुमारे १६ आणि बाहेरचा व्यास ३० किंवा ३८ मिमी ही वारंवार आढळणारी मापं आहेत. शाफ्ट लांब मिळाला तर कापून घेता येतो.

बसवताना दोन चुका सर्रास होतात. पहिली, सील मधोमध दाबून बसवलं जातं. सील बाहेरच्या कडेवरच, त्याच मापाच्या नळीने दाबायचं आणि कार्बनच्या तोंडाला तेलकट बोटही लावायचं नाही. दुसरी, हब ठोकून चढवला जातो. त्या ठोक्यांनी बेअरिंगच्या गोळ्यांचे ठसे उमटतात आणि पंप महिन्याभरात गुरगुरतो. हब प्रेसवर चढवायचा आणि शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला टेकू द्यायचा, म्हणजे जोर शाफ्टमधून जातो, गोळ्यांवर येत नाही. शेवटी पंखा लिहिलेल्या मापाला दाबून हाताने फिरवायचा. तो बॉडीला घासता कामा नये, पण फार लांबही राहता कामा नये, कारण मग पाणी नुसतं घुसळतं आणि गाडी चढावर तापते. प्लास्टिकचा पंखा असेल तर दुसऱ्यांदा दाबताना मध्यभागी तडकतो. त्याची जागा घ्यायला धातूचा पाहा.

तापल्यावर बंद पडण्याचं दुखणं तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलंत, पण भर रस्त्यात गाडी थांबते म्हणून मी ते आधी सोडवेन. पार्टसाठी धावू नका, पुढच्या वेळी बंद पडेल तेव्हा जागेवरच पाहा. चावी फिरवल्यावर मागून पेट्रोल पंपाचा एक-दोन सेकंद गुणगुणण्याचा आवाज येतो का? येत नसेल तर पहिला संशय पंपाच्या रिलेवर, म्हणजे पंपाला वीज जोडणाऱ्या छोट्या विद्युत स्विचवर. या वयाच्या रिलेमध्ये सर्किटवरचे टाके गोलाकार तडकलेले असतात. गरम झाल्यावर सांधा सुटतो, थंड झाला की पुन्हा टेकतो. झाकण उघडून भिंगातून पाहिलं तर पिनेभोवती बारीक काळी अंगठी दिसते. जुनं शिसं शोषून नवा टाका घातला की काम झालं. साधा चार किंवा पाच पिनांचा रिले असेल तर तो मॉडेलचा नसतोच. ३०, ८५, ८६, ८७ हे पिनांवरचे आकडे सगळीकडे तेच असतात, फक्त अँपिअर आणि पिनांची मांडणी जुळवायची.

आवाज येतो पण ठिणगी नाही, असं असेल तर संशय क्रँक सेन्सरवर (क्रँकशाफ्टचं फिरणं मोजणारा) किंवा इग्निशन मॉड्यूलवर (ठिणगी पाडणारं सर्किट). दोन तारांचा गुंडाळीवाला सेन्सर असेल तर थंड आणि गरम अशा दोन्ही वेळी रोध मोजा. थंड असताना काहीशे ओहम आणि गरम झाल्यावर मीटर काहीच दाखवत नाही, तर आतली तार तुटलीय. हॉल पद्धतीचा (आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेला) सेन्सर असा मोजून कळत नाही. बदली सेन्सर निवडताना जात तीच, रोध जवळपास तोच, आणि टोकापासून बसण्याच्या कडेपर्यंतची लांबी अगदी तीच हवी. लांबी चुकली तर दात्यांपासूनचं अंतर चुकतं. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, मात्र उगाच बदलू नका. आतले कपॅसिटर पाझरलेले असू शकतात. ते त्याच क्षमतेचे, तेवढ्या किंवा जास्त व्होल्टचे आणि १०५ अंशांचे घालून बदलता येतात. दुसऱ्या गाडीचा ईसीयू आणला आणि इमोबिलायझर (चोरी रोखायला चावी ओळखणारी यंत्रणा) असला तर चावी ओळखली जाणार नाही. मग जुन्यातली मेमरी चिप नव्यात हलवावी लागते, किंवा ईसीयू, चावी आणि इमोबिलायझर असा पूर्ण संच घ्यावा लागतो.

काच घसरण्याचं कारण जवळजवळ नेहमी रेग्युलेटरवरचा (काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेवरचा) प्लास्टिकचा सरकता तुकडा. मोटर चांगली असते. मोडलेले तुकडे जोडून माप घ्या आणि नायलॉनच्या ठोकळ्यातून कोरून किंवा थ्रीडी प्रिंट करून घ्या. प्रिंट करणाऱ्याला पीएलए हे प्लास्टिक नको म्हणून सांगा. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हात बंद गाडीचं दार सहज तितकं तापतं. एबीएस किंवा नायलॉन सांगा. ओढ पडते त्या दिशेला थर आडवे येऊ देऊ नका, थरांतून तो सोलून निघतो. केबल तुटली असेल तर त्याच जाडीची स्टीलची केबल आणि दाबून बसवलेली टोकं. डॅशबोर्डवरच्या मीटरच्या आतलं बारीक दातेरी चाकही असंच करता येतं. सरळ दात्यांचं असेल तर बाहेरच्या व्यासाला दात्यांची संख्या अधिक दोन यांनी भागा, येतं ते मॉड्यूल, म्हणजे दात्यांचं माप. २० दाते आणि २२ मिमी व्यास म्हणजे मॉड्यूल १. एवढं सांगितलं की करणाऱ्याला दुसरं काही विचारावं लागत नाही.

बाकीचं भराभर सांगतो. ब्रेक शू आणि क्लच प्लेटला नवं फेसिंग (घासणारा थर) चढवून घेता येतं. क्लच प्लेट बदलायचीच असेल तर व्यास, स्प्लाइनचे (मधल्या भोकातल्या खाचांचे) दाते आणि हबची उंची जुळवा. सस्पेन्शनचे बुश (जोडांतली रबरं) पीयूमध्ये, म्हणजे पॉलियुरेथेनमध्ये, ओतून मिळतात, पण ते मूळ रबरापेक्षा कडक असतात आणि खड्डा अंगावर येतो. मूळ बुशमध्ये पोकळ्या असतील तर त्यांची दिशा फोटोत टिपून ठेवा. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळायचे, जॅकवर आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि फाटतं. इंजिनातला पिस्टन दुसऱ्या इंजिनचा चालतो, जर बोअर, पिनेचा व्यास आणि पिनेपासून डोक्यापर्यंतची उंची जुळली तर. डोक्याचा आकारही पाहा, वाल्वसाठीच्या खाचा चुकल्या तर वाल्व आपटतात.

जुन्या साठ्यातला कोरा पार्ट मिळाला की माणूस हरखतो. धातू असेल तर जरूर हरखावं. पण रबर खोक्यातही म्हातारं होतं. वीस वर्षं ठेवलेला टायमिंग बेल्ट, ब्रेक होस किंवा ब्रेक रबर किट मी फुकट दिलं तरी बसवणार नाही. साठ्यातला मास्टर सिलिंडर घ्या, आतली रबरं नवी घाला. दुसरी भंगार गाडी मिळत असेल तर तिच्यातून काचा, दिवे, ब्रॅकेट, कॅलिपरच्या बॉड्या, कुलपांचा संच आणि चावीसकट ईसीयू घ्या. प्रत्येक कनेक्टर मागे १५ सेंमी तार ठेवून कापा, नाहीतर जोडायला काही उरत नाही.

काही ठिकाणी मात्र जुगाड नको. एअरबॅग आणि अपघातात आवळण्यासाठी छोटं स्फोटक असलेला सीट बेल्ट जुन्या गाडीतून काढून घालू नका, त्यांच्या तारांना मीटरही लावू नका. स्टिअरिंगच्या जोडांना वेल्डिंग नको. ब्रेक पाइपच्या मध्ये दाबून बसवायचा जोड नको. पाइप कुजला असेल तर तांबे-निकेलचा ४.७५ मिमीचा अखंड पाइप घ्या आणि टोकाचा फ्लेअर (पसरवलेली कड) मूळ होता त्याच जातीचा करा. दुहेरी फ्लेअर आणि बुडबुड्यासारखा फ्लेअर एकमेकांच्या जागी बसल्यासारखे दिसतात आणि दाबाखाली गळतात. टायमिंग बेल्ट दाते, रुंदी आणि दात्यांचा आकार तिन्ही जुळल्याशिवाय नको.

गाडी ठेवावी की नाही हे या चार दुखण्यांवर ठरत नाही, पत्र्यावर ठरतं. सस्पेन्शन जिथे बॉडीला लागतं त्या जागा, दारांखालचे पत्र्याचे पट्टे आणि जॅकचे टेकू स्क्रूड्रायव्हरच्या मागच्या टोकाने ठोकून पाहा. टणक आवाज आला तर गाडी ठेवण्यासारखी आहे. भुसभुशीत लागलं, किंवा इंजिनच्या सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत दाबलेल्या हवेचा दाब) सारखं नसलं, तर हिशेब बदलतो. रोज कामावर नेणारी एकमेव गाडी असेल तरीही बदलतो, कारण टर्नर आणि किट यांची वाट पाहताना आठवडे जातात.

तुमच्या जागी क्रम असा ठेवेन: आधी पत्रा आणि कॉम्प्रेशन, मग रिले, मग निपल उघडून ब्रेकची तपासणी, मग पंप, काच सर्वांत शेवटी. तोपर्यंत काच वर करून आतून लाकडाचा टेकू द्या. ब्रेकची तपासणी होईपर्यंत गाडी लांब नेऊ नका. धरलेलं चाक उतरल्यावर हात लावण्यापलीकडे तापलेलं असेल तर अजिबात नेऊ नका, ऑइलला उकळी फुटली की पेडल थेट तळाला जातं.

आणि प्रत्येक कामानंतर एका वहीत तारीख, किलोमीटर आणि घातलेल्या वस्तूचं माप लिहून ती गाडीतच ठेवा: बेअरिंगचा नंबर, सीलचे तीन आकडे, पिस्टनचा व्यास, पिस्टन कोणत्या गाडीचा बसला. तुमच्या गाडीत आता कंपनीच्या यादीबाहेरच्या वस्तू बसणार आहेत. पुढच्या मेकॅनिकने यादी पाहून भलतंच सील आणू नये म्हणून ही वही त्याच्या हातात आधी द्या.